मदत हवी आहे: मर्फी रेडिओ विलायती की ठाण्याचा?

मंडळी, माळा आवरताना आजोबांचा मर्फी सापडला. लाकडी खोका, कळकटलेली जाळी, चारपैकी तीन बटणं शाबूत. काका म्हणतात, विलायती आहे, आजोबांनी बोटीवरच्या माणसाकडून घेतला. आत्या म्हणते, कसली बोट! ठाण्याच्या कारखान्यातला आहे, दादरहून टॅक्सीत मांडीवर घेऊन आणला तेव्हा मी सोबत होते. मागच्या पुठ्ठ्यावर मॉडेल नंबर असतो, तो नेमका तेवढाच झुरळांनी कुरतडलाय.

मर्फी मूळची इंग्लंडची, १९२९ साली फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी वेल्विन गार्डन सिटीत काढलेली. मर्फीसाहेब १९३७ मध्येच बाहेर पडले आणि १९६२ मध्ये रँक या ब्रिटिश उद्योगसमूहाने ती बुश या दुसऱ्या रेडिओ कंपनीच्या दावणीला बांधली. इथे मात्र नाव पुढेही चाललं, ओठांवर बोट ठेवलेल्या त्या बाळासकट.

आता माझा घोळ. स्टेशनांच्या काचेवर 'सिलोन' आहे. व्हॉल्व्ह (आतल्या काचेच्या नळ्या) यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. एकावर बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स), बाकींवर मुलार्ड, इंग्लंड. म्हणजे काकांचं खरं का? साल कसं काढायचं? उद्या प्लग लावून बघणार आहे.

प्रतिसाद:
प्लग अजिबात लावू नका! 'यू'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह म्हणजे एसी आणि डीसी दोन्ही विजेवर चालणारा सेट. ट्रान्सफॉर्मर नसतो, चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट घरातल्या विजेला जोडलेली असू शकते. बटण तुटलंय तिथल्या उघड्या दांडीला हात लागला तर संपलं. शिवाय इतकी वर्षं पडून असलेले कंडेन्सर आधी बदलावे लागतात. जाणत्या माणसाकडून वीज बल्बमधून पुढे जाईल असा सिरीज बल्ब लावूनच चालू करा.

व्हॉल्व्हवरून देश ठरत नाही, ते बल्बसारखे बदलले जायचे. बंगळूरच्या बीईएलने रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ पासून काढले, त्यामुळे तो एक तरी त्यानंतरचा. सेट त्याहून जुना असू शकतो, पण हे व्हॉल्व्ह बघता १९५० च्या आधीचा नाही. 'सिलोन'वर जाऊ नका, १९७२ ला श्रीलंका झाली तरी आपल्या तोंडी सिलोनच होतं.

काचेवरचे पट्टे (बँड) बघा. इंग्लंडमधल्या घरगुती सेटला लाँग वेव्ह लागायचा, बीबीसी १५०० मीटरवर होती. आपल्याकडे त्याचा उपयोग शून्य, इथे शॉर्ट वेव्हवर भर. अर्थात निर्यातीचे विलायती सेटही तसेच असत, म्हणून खोका आतून बघा.

धागाकर्ता:
लाँग वेव्ह नाही. मीडियम एक, शॉर्ट तीन. आणि पुठ्ठा काढून टॉर्च मारला तर वरच्या फळीला आतून पेन्सिलीने '४७' लिहिलंय, देवनागरीत! आत्याला फोटो पाठवला. काका म्हणतात, खोका नंतर सुताराकडून करून घेतला असेल.