ओपन वर्ल्ड रोगलाईक: पहिलं कॅरॅक्टर कसं बनवलंत आणि ते कशाने मेलं?

महिनाभरात माझी एकवीस कॅरॅक्टर मेली आहेत. गेम केव्ह्ज ऑफ कड (कड म्हणा नाहीतर कुड, मरायचं तेच). कॅरॅक्टर बनवायच्या स्क्रीनवर मी अर्धा तास घालवतो, एकेक पॉइंट मोजून देतो, नाव छान ठेवतो, आणि गावाबाहेर पडून दहा मिनिटांत खलास. म्हटलं आपणच धागा काढावा. फक्त कडच पाहिजे असं नाही, कॅटॅक्लिझम, अ‍ॅडॉम, कुठलाही चालेल, जग मोकळं पाहिजे आणि मेलं की संपलं असा पाहिजे. विकी चिकटवू नका, स्वतः कसे मेलात ते सांगा. शेवटाकडचं काही फोडू नका प्लीज.

माझं सांगतो. पहिलं कॅरॅक्टर म्युटंट, म्हणजे म्युटेशन नावाच्या अचाट शक्ती असलेलं. म्युटंटला सगळे स्टॅट (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) १० पासून आणि वाटायला ४४ पॉइंट मिळतात. १८ पर्यंत एका पॉइंटला एक, त्यापुढे एकाला दोन. मी स्ट्रेंग्थ थेट २४ केली, म्हणजे वीस पॉइंट तिथेच गेले, उरलेले अ‍ॅजिलिटी आणि विलपॉवरला, टफनेस (काटकपणा) १०. कुऱ्हाड घेतली. पहिल्या स्नॅपजॉला (टोळीने येणारे तरसासारखे शत्रू) एका फटक्यात उडवलं, काय मस्त वाटलं म्हणून सांगू. मागे अजून चार होते.

*

टफनेस १० ठेवून बाहेर पडलास आणि वर विचारतोयस का मेलो :)

नवीन लोकांना एक माहीत नसतं, या गेममध्ये १६ म्हणजे शून्य. १८ ला +१, १४ ला -१, असं दर दोनाला एक. म्हणजे तुझा १० वाला टफनेस ‘साधारण’ नाही, तो -३ आहे, आणि सुरुवातीचे हिटपॉइंटही त्यावरून आणि पुढे दर लेव्हलला वाढणारेही त्यावरूनच, त्यामुळे तू लेव्हल दहाला गेलास तरी अंडंच राहणार. मी आता काहीही बनवलं, जादूवालं, बंदूकवालं, तरी टफनेस १८ च्या खाली नेत नाही. आधी तो भरायचा, मग उरलेल्या पॉइंटांनी हौस करायची.

*

मी वेगळं सांगते. पहिल्यांदा खेळत असाल तर कॅरॅक्टर बनवूच नका! गेममध्ये तयार कॅरॅक्टर दिलेली आहेत त्यातलं मार्श टॉर घ्या आणि गावाबाहेर पडा. मला हे अपमानास्पद वाटायचं, की आपण काय लहान मुलं आहोत का, म्हणून मी आठ-नऊ वेळा स्वतःचं बनवलं आणि प्रत्येक वेळी मेल्यावर कळलंच नाही की बिल्ड (म्हणजे कॅरॅक्टरची जुळणी) वाईट होतं का मी वाईट खेळले. तयार कॅरॅक्टर घेतल्यावर निदान एवढं कळतं की चूक आपली आहे. तीन-चार वेळा त्याच कॅरॅक्टरने मरा, मग नेमकं काय कमी पडतंय ते दिसायला लागतं, मग बनवा स्वतःचं.

*

ईव्हिल ट्विन. बस, एवढंच लिहिलं तरी जुन्या लोकांना कळेल.

नवीन लोकांसाठी: म्युटेशन घ्यायला १२ पॉइंट मिळतात, डिफेक्ट घेतला तर वर थोडे जास्त. मी यादी बघितली, ईव्हिल ट्विन दिसलं, म्हटलं फुकटचे पॉइंट आहेत, येईल कधीतरी कुणीतरी, बघू. त्या पॉइंटांत झकास भारी म्युटेशन बसवलं. आता तो जुळा जो येतो ना, तो तुमचीच नक्कल असतो. जेवढं भारी मी स्वतःला बनवलं तेवढाच भारी तो, आणि मी अर्धमेला असताना आला, तो ताजातवाना. स्वतःच्याच म्युटेशनने मेलो मी. डिफेक्ट घेताना ‘हे कधी होईल’ हा विचार करूच नका, ‘हे सगळ्यात वाईट वेळी झालं तर’ असा करा. किंवा घेऊच नका, त्या दोन-चार पॉइंटांनी काही आयुष्य बदलत नाही.

*

वरच्याला +१. मीही हेच केलं होतं, आणि एकदा नाही.

*

एस्पर, म्हणजे फक्त मानसिक म्युटेशनवाला, खेळणाऱ्यांसाठी जरा सविस्तर लिहितो कारण याबद्दल नवीन लोकांना फार चुकीचं सांगितलं जातं. ‘इगो वाढव, सगळं डोक्याने मार’ एवढंच कुणीतरी सांगतं आणि निघून जातं. इगोवर मानसिक म्युटेशनची ताकद ठरते हे खरं, शिवाय दुकानदाराशी भावही बरा मिळतो, म्हणून इगो जास्त ठेवा, ते बरोबरच आहे. पण माझा पहिला एस्पर, सगळे पॉइंट इगोत, म्युटेशन सगळी मनावर हल्ला करणारी, आणि गेला यंत्रांच्या वाटेला. यंत्राला मनच नसतं. मी सन्डर माइंड हा मनावरचा हल्ला मारतोय, खाली ओळ येतेय की चालत नाही, तिकडून गोळ्या येतायत. तेव्हापासून नियम, कुठलंही बिल्ड असो, हल्ल्याचे दोन प्रकार पाहिजेत, एक मनाचा असेल तर दुसरा शरीराचा, धनुष्य घ्या, काहीही.

दुसरं म्हणजे विलपॉवर. त्याने कूलडाउन, म्हणजे शक्ती परत वापरण्याआधीची वाट, कमी होतात. लोक तिथे काहीच टाकत नाहीत आणि मग एक शक्ती वापरली की पुढच्या किती टर्न नुसतं चालत बसायचं. एस्परला टफनेस, इगो आणि विलपॉवर हे तीन, स्ट्रेंग्थ विसरा, ओझं कमी उचललं जाईल, जाऊ दे.

तिसरं, ग्लिमर. मानसिक म्युटेशन वाढवत गेलात की तुमचा ग्लिमर वाढतो, आणि २० च्या पुढे गेला की तुम्हाला हुडकत दुसरे एस्पर यायला लागतात. हे मला गेमने सांगितलं होतं, मी वाचलं नव्हतं. असो. सुरुवातीला दोनच म्युटेशन चांगली वाढवा, हावरटपणा करू नका. फोर्स बबल किंवा टेलिपोर्टेशन यातलं एक तरी असू द्या, मारायला नाही, पळायला.

*

पळण्यावरून आठवलं. इथे सगळे मारायचं बोलताहेत, पळायचं कुणी बोलत नाहीये. माझं सगळ्यात जास्त टिकलेलं कॅरॅक्टर काहीच मारू शकत नव्हतं फारसं, पण मल्टिपल लेग्ज होते, त्याने पळायचा वेग पण वाढतो आणि ओझं पण जास्त उचलता येतं. स्प्रिंट तर सगळ्यांनाच मिळतं, ते पहिल्या दिवसापासून बोटाशी असू द्या. आणि एक गोष्ट मी मरून शिकलो ती अशी की शत्रू जवळ असताना जगाच्या नकाशावर जाता येत नाही. मी दर वेळी धरून चालायचो की अडचण आली तर नकाशावर जाऊन सटकू. अडचण आली की ते बटण चालत नाही, हीच तर अडचण. त्यामुळे हिटपॉइंट अर्धे झाले की निघायचं, पाव उरेपर्यंत थांबायचं नाही.

बरोइंग क्लॉज पण बेस्ट, भिंत फोडून जाता येतं. कोपऱ्यात अडकलो असं होतच नाही.

*

मी गाव जाळलं.

कॅरॅक्टर तसं चांगलं होतं, फ्लेमिंग रे, टफनेस १९. जोप्पात, म्हणजे सुरुवातीच्या गावात, एक प्राणी अंगावर आला म्हणून सोडली किरण, मागे शेती होती ते लक्षातच नाही. आग लागली, गावकऱ्यांना चटका बसला, सगळं गाव माझ्यावर उलटलं, गावातल्या ज्या आर्गाईव्ह नावाच्या कारागिराला वस्तू नेऊन द्यायची होती तो पण. पळून गेलो आणि मग कळेना की आता कुठे जायचं, कारण दुकान नाही, काम नाही, पाणी नाही. पहिल्या बिल्डला आग नको इतकंच सांगतो, गावात तर नकोच नको.

*

पाणी म्हणालात म्हणून. मी धंदेवाईक बिल्ड करते नेहमी, तर माझ्या अनुभवाने सांगते. या जगात पाणीच पैसा आहे, ड्रॅममध्ये मोजतात. तेच प्यायचं आणि तेच द्यायचं. नवीन माणूस दोनपैकी एक करतो, एकतर सगळ्या पाण्याची शस्त्रं घेतो आणि वाळवंटात तहानेने बेजार होतो, नाहीतर सगळं विकून पाणी साठवतो आणि मग वजनाने हलता येत नाही. स्ट्रेंग्थ नसलेल्या कॅरॅक्टरने जास्तीचं पाणी हलक्या किमती वस्तूंमध्ये ठेवावं. आणि खारट डबक्यातलं पाणी चांगल्या पाण्याच्या पखालीत कधीही ओतू नका, भेसळ झालं की दुकानदार घेत नाही. मी चाळीस ड्रॅम असे घालवलेत, अजून जळफळाट होतो. हां, आणि वेफेअरिंग नावाचं स्किल लवकर घ्या, नाहीतर रानात रस्ता चुकता आणि चुकलेल्या माणसाला पाणी पुरत नाही.

इंटेलिजन्सला एकदम खाली पाडू नका हे पण. दर लेव्हलला मिळणारे स्किल पॉइंट त्यावरून ठरतात.

*

कडचं खूप झालं, कॅटॅक्लिझमचं कुणीच लिहीत नाहीये. (डार्क डेज अहेड. फुकट आहे, घ्या.)

तिथे स्टॅट ८ म्हणजे साधा माणूस. मी पॉइंट पूल लावून खेळत होतो, वाईट ट्रेट (अंगचे दोष) घेतले की पॉइंट परत मिळतात, मी निरक्षर हा ट्रेट घेतला. विचार असा की झॉम्बी आलेत, पुस्तकं कोण वाचतंय. तर त्या गेममध्ये अर्धं शिकणं पुस्तकातूनच आहे, बनवायच्या वस्तूंच्या कृती पुस्तकात, स्किल पुस्तकात. लायब्ररी सापडली तेव्हा मी आणि माझं कॅरॅक्टर दोघं नुसते बघत बसलो.

दुसरं मरण अंगावर सगळं चढवून. दोन जाकिटं, पाठीवर मोठी बॅग, कमरेला पाऊच, हातात जाड ग्लोव्ह्ज, म्हटलं आता कोण चावतंय. तिथे एन्कम्बरन्स म्हणून भानगड आहे, जितकं अडगळीचं कपडे-सामान तितका नेम चुकतो आणि समोरच्याचा वार चुकवता येत नाही. आता मी लढाईच्या आधी बॅग खाली टाकतो, हलकं होऊन मारतो, मग उचलतो. स्किलमध्ये सुरुवातीला थोडी हातघाईची लढाई (मेली) आणि वार चुकवणं (डॉज) असलं की पुरे, बाकी खेळता खेळता येतं. झुडपाच्या मागे उभं राहायचं, झॉम्बी झुडपातून येताना अडकतो तेवढ्यात दोन फटके बसतात, ही ट्रिक शिकलो तेव्हापासून पहिला दिवस तरी निघतो. आणि मेलेला झॉम्बी ठेचायचा, ठेचायचाच! नाहीतर उठतो. मी झोपलो होतो.

*

अ‍ॅडॉम. १९९४ पासूनचा आहे, अजून खेळतो. एकच सांगायचंय, हीलिंग स्किल नसलेलं कॅरॅक्टर असेल तर तेरिन्यो गावच्या वेड्या सुताराला न मारता परत आणा, वैद्य ते स्किल शिकवतो. मी पहिल्या वेळी सुताराला मारला कारण तो अंगावर आला. वेडा आहे म्हटल्यावर येणारच.

*

परत कडकडे. त्यातल्या ट्रू किनबद्दल, म्हणजे म्युटंट नसलेल्या शुद्ध माणसांबद्दल, कुणी लिहिलं नाही. म्युटेशन नाहीत, पण स्टॅट १२ पासून सुरू आणि ३८ पॉइंट, शिवाय शरीरात एक यंत्र आधीच बसवलेलं. नवीन माणसाला मला हे सोपं वाटतं कारण ठरवायचं कमी असतं. फक्त नंतरची यंत्रं बसवायला बिकमिंग नुक नावाची जागा सापडावी लागते, तोवर लांब ब्लेड आणि चांगलं चिलखत यावर काढायचं. सुरुवात जरा रटाळ आहे, खोटं कशाला बोलू.

*

तुम्ही सगळे क्लासिक (मेलं की संपलं) मोडमध्येच का मरताय? रोलप्ले मोड आहे ना, गावात चेकपॉइंट मिळतो, मेलात तर तिथून परत सुरू. मी तिथे बिल्ड घासून घेतलं आणि मग क्लासिकला गेलो.

*

चेकपॉइंट असला की मरायची भीती जाते आणि भीती गेली की माणूस टफनेस १० ठेवतो. पण ठीक आहे, ज्याचा त्याचा गेम.

*

भीतीनेच तर आमचा मित्र वर एकवीस वेळा मेलाय. त्याला खेळू दे की चेकपॉइंटने, कॅरॅक्टर बनवायला शिकायचं तर लेव्हल दहा-पंधरा कशी दिसते ते एकदा बघायला नको का? मी तर वाँडर मोडनेच सुरुवात केली, त्यात मारून एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) मिळतच नाही आणि बहुतेक प्राणी आपल्या वाटेला जात नाहीत. हिंडून सगळा भाग पाहून घेतला.

*

धागा काढणारा परत आलोय. सगळ्यांचं वाचून बावीसावं बनवलं: मल्टिपल लेग्ज, रीजनरेशन, टफनेस २०, स्ट्रेंग्थ १८, डिफेक्ट एकही नाही, आग नाही. मोड क्लासिकच, हट्ट आहे. रेड रॉक ही गुहा झाली, तिथला गिर्शलिंग नावाचा प्राणी मारला, तांब्याची तार आणून दिली, पुस्तकं सापडली ती स्टिल्ट या वस्तीतल्या ग्रंथपालाला देऊन फुकटचा एक्सपी घेतला (हे कुणीच सांगितलं नव्हतं, असं कसं?). लेव्हल ११. तीनदा पळालो. ग्रिट गेट या ठिकाणी पोचलोय आणि पुढचं काम गोल्गोथा नावाच्या धोकादायक जागी आहे. जाऊ का?

*

नको.

*

अजून दोन-तीन लेव्हल कर. तिथे रोग लागतात.

*

गेलो होतो. आयर्नशँक हा रोग झालाय. पाय कडक होतात त्यात, सगळेच. जिवंत आहे पण गोगलगायीच्या वेगाने, आणि वर जायला अजून बरंच चालायचंय. औषध कसं बनवतात कुणी सांगेल का, जरा लवकर.