चार दिवसांनी पीडीएमएस चिपमध्ये पाणी शिरत नाही, कक्षात बुडबुडा अडकतो

काचपट्टी:
बारीक नाल्यांतून द्रव नेणारी चिप आहे: काचेच्या स्लाइडवर पीडीएमएस (सिलिकोन रबर), ऑक्सिजन प्लाझ्माने (विजेने चेतवलेल्या वायूने) चिकटवलेलं. चॅनेल १०० मायक्रोमीटर रुंद, ५० मायक्रोमीटर खोल, ४ सेंमी लांब; मध्ये १ मिमी रुंद, २ मिमी लांब असा चौकोनी कक्ष. चिकटवल्या दिवशी इनलेटवर थेंब ठेवला की दोन-तीन सेकंदांत पाणी आपोआप टोकाला पोचतं. तीच चिप चार दिवस कोरडी ठेवली की थेंब नुसता बसून राहतो. सिरिंज पंपाने ढकललं तर कक्षात बुडबुडा राहतो. प्रवाह मिनिटाला १ मायक्रोलिटरवरून १० केला तरी तो ढिम्म हलत नाही. पंप बदलू का?

सूक्ष्मधारा:
पंपाचा दोष नाही, भिंतीचा आहे. प्लाझ्मानंतर पीडीएमएसवर पाण्याचा स्पर्शकोन (थेंबाची कडा भिंतीशी करते तो कोन; ९० च्या खाली भिंत पाणी ओढते, वर गेला की ढकलते) २० अंशांच्या खाली येतो, पण आतल्या सुट्या सिलिकोन साखळ्या हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि कोन परत १०० अंशांच्या पुढे सरकतो. कोरड्या, उबदार जागी हे लवकर होतं.

पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रतिमीटर धरा. चारही भिंतींवर कोन २० अंश असेल तर तुमच्या मापाच्या चॅनेलमध्ये पाणी साधारण ४,००० पास्कलने आत ओढलं जातं. कोन १०५ झाला की चिन्हच उलटतं: १,१०० पास्कल, म्हणजे ११ सेंमी पाण्याच्या स्तंभाइतका विरोध. इनलेटवरच्या थेंबाला एवढा दाब कुठून यायचा?

मेनिस्कस:
हिशोब बरोबर, पण चारही भिंती सारख्या धरल्यात. तळ काचेचा आहे. काच स्वच्छ असेल (कोन ३० अंश) तर बाकी तीन भिंती १०५ अंशांवर गेल्या तरी सुमारे ५०० पास्कलचं ओढणं शिल्लक राहतं. काचेचा कोन ६० च्या आसपास गेला की बेरीज जवळजवळ शून्य होते आणि पाणी थबकतं. थेंब दारातच बसतोय, म्हणजे काचही मळलीय. पीडीएमएसमधून सुटणारं सिलिकोन काचेवरही पसरतं.

बुडबुड्याचं मूळही इथेच. पाणी काचेच्या कडेने पुढे पळतं, छताकडे मागे रेंगाळतं. कक्षाच्या काटकोनात पाण्याची कडा अडकते, तोवर दुसरी बाजू बाहेरच्या तोंडापर्यंत पोचून हवा कोंडते. पुढचा मास्क (चॅनेलच्या साच्याचा नकाशा) काढाल तेव्हा कक्षाची तोंडं निमुळती करा, कोपरे गोल करा. अर्धं दुखणं तिथेच जातं.

काचपट्टी:
मग १० मायक्रोलिटरला बुडबुडा वाहून का जात नाही?

सूक्ष्मधारा:
कारण पाणी त्याला वळसा घालून जातं. कक्षाच्या दोन टोकांतला दाबफरक १ मायक्रोलिटरला जेमतेम ३ पास्कल, १० ला ३० च्या आसपास. रुंद कक्षातला बुडबुडा अरुंद चॅनेलमध्ये दाबून बसवायला, भिंती ओल्या असतील तेव्हा, १,२०० पास्कलच्या घरात लागतात. शिवाय बुडबुड्याची कडा भिंतीला चिकटलेली असते ती वेगळीच. वर बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो, त्यामुळे पंपाचा आकडा बदलला तरी खरा प्रवाह स्थिरावायला वेळ लागतो.

थेंबकरी:
पाण्यात ०.१ टक्का ट्वीन-२० (पृष्ठताण कमी करणारं साबणासारखं द्रव्य) घाला, विषय संपला.

मेनिस्कस:
संपत नाही. एवढ्या बारीक चॅनेलमध्ये आकारमानाच्या मानाने भिंत फार. ट्वीन भिंतीवर बसत जातं आणि पाण्याच्या पुढच्या कडेला कमी पडतं, नेमकं जिथे हवं तिथे. शिवाय पेशी चिकटवायच्या असतील तर ट्वीन किंवा त्याच जातीचं प्लुरॉनिक दोन्ही नकोत.

साधा उपाय: आधी इथेनॉल भरा. त्याचा पृष्ठताण २२ च्या आसपास, जुन्या पीडीएमएसलाही ते भिजवतं. मागोमाग पाणी सोडा. दोन्ही एकमेकांत मिसळतात, त्यामुळे मध्ये पृष्ठभागच उरत नाही. चिपमध्ये मावतं फक्त ०.३ मायक्रोलिटर, पण अर्धा मिमी आतल्या व्यासाच्या ३० सेंमी नळीत ५९ मायक्रोलिटर. १० च्या वेगाने ती नुसती रिकामी व्हायला सहा मिनिटं लागतात, आणि धुणं त्यानंतर. पाण्याची नळी वेगळीच ठेवा.

इथेनॉल चालत नसेल तर चिप पाऊण तास व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये (हवा उपसलेल्या बंद भांड्यात) ठेवा, काढल्या काढल्या आउटलेट टेपने बंद करून इनलेटवर थेंब ठेवा. पीडीएमएस हवा शोषून घेतं आणि पाणी आत येतं. आत बुडबुडा राहिलाच तर आउटलेट बंदच ठेवून इनलेटवर ५० किलोपास्कल दाब द्या. हवा पीडीएमएसमधून निघून जाते. हे दाब-नियंत्रकाने करा. सिरिंज पंप बंद तोंडावर ढकलत राहतो आणि जोड उखडतो.

थेंबकरी:
मान्य. एक भर: नळी जोडताना इनलेटवर पाण्याचा फुगीर थेंब ठेवा, नळीच्या टोकालाही एक लोंबता ठेवा, आणि थेंबाला थेंब टेकवूनच नळी आत घाला. नाहीतर भरलेल्या चिपमध्ये नळीच हवा घेऊन जाते. आणि प्लाझ्मानंतर अर्ध्या तासात पाणी भरून चिप पाण्यातच बुडवून ठेवली तर चार दिवसांनीही भिंत बरीच ओली राहते.