मदत हवी आहे: मी माळकरी, मैत्रिणीला सुशी खायला न्यायचं आहे. काय मागवू, काय विचारून घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझी जिवाभावाची मैत्रीण बेळगावची, टिळकवाडीतली. पुण्यात एका जपानी कंपनीत आहे आणि आता कंपनी तिला नागोयाला पाठवते आहे. जाण्याआधी ती घरी येईल. तिला सुशी फार आवडते, म्हणजे आंबूस भातावर बहुतेकदा कच्चा मासा घालून करतात तो जपानी पदार्थ. पणजीतलं एक हॉटेल तिनं कधीपासून मनात धरलंय. मी खानापूरची. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवाच, त्यामुळे जाणं अवघड नाही. या वेळी तिला मी नेणार आणि बिल मीच देणार, हे माझं पक्कं आहे.

प्रश्न माझ्या ताटाचा आहे. आमच्या घरात पंढरीची वारी आहे, माझ्या गळ्यात माळ आहे. मासे, मटण, अंडी, दारू काही चालत नाही. समोरच्यानं मासे खाल्ले तर मला त्रास होत नाही, गोव्याच्या वेशीवर राहून तसं चालणारही नाही. पण माझ्या नकळत माझ्या ताटात काही येऊ नये.

तिला बेत सांगितला तर म्हणाली, "तू नुसती काकडी खात बसणार आणि मी मासे खाऊ होय गं? त्यापरीस कुठंतरी थाळी जेवू की." मला ते नको आहे. कॉलेजात असताना आम्ही बेळगावात एका खोलीवर राहायचो. ती मासे खाणाऱ्या घरातली, तरी तिनं खोलीवर माझ्यासाठी कधी अंडंसुद्धा उकडलं नाही. मी न मागता तिनं ते पाळलं. आता तिच्या आवडीच्या जेवणात तिनं माझ्याकडे बघून हात आखडता घेऊ नये, एवढंच मला हवंय. त्यासाठी मलाही पोटभर आणि चवीनं जेवता आलं पाहिजे, नाहीतर तिचा घास अडणार.

तर सांगा: सुशीत शाकाहारी म्हणून जे मिळतं ते खरंच शाकाहारी असतं का? कुठं फसायला होतं? हॉटेलवाल्यांना आधी फोन करायचा तर नेमकं काय विचारू? आणि कच्च्या माशाची मला तिच्यासाठी काळजी वाटते, ती कितपत खरी आहे?

---

डोंगरवाट

ताई, पुण्यात एका जपानी हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

सुशीचा जीव भातात असतो. आखूड दाण्याचा चिकट भात, त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ. मासा त्यावर किंवा त्यात असेलच असं नाही. त्यामुळे काकडीचा रोल, पिवळ्या लोणच्याच्या मुळ्याचा रोल, हे तिथं परंपरेनंच खातात. शाकाहाऱ्यांसाठी नंतर केलेली सोय नाही ती. अव्होकाडोचा रोल मात्र नंतरचा, तोही मागवू शकता. बाहेरचा काळसर कागद म्हणजे नोरी, समुद्री शेवाळाचा, तो चालेल.

फसायला होतं ते दाशीमध्ये. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी: कोंबू नावाचं शेवाळ आणि बोनिटो माशाचे सुकवून किसलेले पापुद्रे. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि कुठंही असतं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये वर टोफूचे, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचे, तुकडे तरंगतात, बघणाऱ्याला वाटतं शाकाहारी, पण खाली बहुतेक वेळा दाशीच. टोफूच्या तळलेल्या पिशवीत भात भरून इनारी करतात, ती पिशवी आधी दाशीत शिजवलेली असू शकते. सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा कांप्यो रोल, तोच प्रश्न. शिताके मशरूम गोडसर शिजवून घालतात, तिथंही विचारा.

बाकी: भाज्यांच्या तेंपुराच्या (जपानी भज्यांच्या) पिठात अंडं असू शकतं आणि कढई बहुतेकदा कोळंबीचीच असते. जपानी मेयोनेजमध्ये अंड्याचा बलक असतो. रोलवर नारिंगी मोत्यांसारखे दाणे दिसले तर ती माशाची अंडी. पिवळा गोडसर चौकोन दिसला तर ऑम्लेट.

"व्हेज आहे का?" असं फोनवर विचारू नका, होच म्हणतील. "यात दाशी किंवा बोनिटो आहे का, अंडं आहे का, तळणाचं तेल वेगळं आहे का" असं एकेक पदार्थ घेऊन विचारा. आणि वेटरऐवजी शेफकडून उत्तर मागा. माझा अनुभव असा की आदल्या दिवशी सांगितलं तर चांगलं स्वयंपाकघर कोंबू आणि शिताकेची दाशी वेगळी करून देतं. जपानातल्या बौद्ध मठांत असाच स्वयंपाक होतो, शेफला ते नवीन नसतं.

तुमच्या भातावर वेगळा चाकू, वेगळा पाट वापरायलाही सांगा. त्यात संकोच करू नका.

---

घाटाखालची

माशाच्या काळजीबद्दल. कच्च्या माशातल्या कृमींचा धोका खरा आहे, म्हणूनच तो आधी गोठवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 ला गोठवून 15 तास असा आहे. यानं कृमी मरतात, जिवाणू मात्र सगळे मरत नाहीत. म्हणून गर्दीचं, माल रोज खपणारं हॉटेल निवडावं. मैत्रीण गरोदर असेल किंवा तब्येत नाजूक असेल तर कच्चं टाळावं. शिजवलेली ईल, उकडलेली कोळंबी असतेच.

गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. सुशीतला सालमन आपल्या समुद्रातला नसतोच, तो बाहेरून येतो, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. पण त्या दिवसांत चोर्ल्यात धुकं आणि पाऊस जोरात, तेव्हा रात्री परत फिरू नका.

आणि ताई, दिवस ठरवताना एकादशी बघा. सगळा भातच आहे.

---

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एकादशीचं माझ्या मनातच आलं नव्हतं, आता कालनिर्णय बघूनच तारीख कळवते. दाशीबद्दल वाचून आधी धसका बसला, पण नेमकं काय विचारायचं ते कळल्यावर बरं वाटलं.

ठरलंय असं: मला काकडी, अव्होकाडो आणि मुळ्याचा रोल, वर तीळ, सोबत कोंबूच्या दाशीतलं सूप करून दिलं तर ते. तिला हवं ते सगळं. ताटं वेगळी मागणार.

एक राहिलं. मिरिन नावाची दारू घालतात असं वाचलं. आणि तिच्यासमोर जपानी रीत चुकू नये म्हणून काही पाळायचं का?

---

डोंगरवाट

अस्सल मिरिनमध्ये साधारण 14 टक्के मद्यार्क असतो. गोडसर शिजवलेल्या भाज्यांत आणि सॉसमध्ये ते पडतं. काही ठिकाणी सुशीच्या भातातही घालतात, म्हणून भाताचं नाव घेऊन विचारा. सोया सॉस सोयाबीन आणि गव्हाचा, आंबवलेला; त्यात आंबवण्यातला थोडा मद्यार्क उरतो. तो घ्यायचा की नाही हे तुमच्या घरच्या नेमाप्रमाणे ठरवा. नको असेल तर मीठ आणि लिंबू मागा. अव्होकाडोवर ते उलट जास्त चांगलं लागतं.

रीत फार नाही. हातानं खाल्लं तरी चालतं. भाताच्या वाटीत जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) उभ्या खोवू नका आणि तुमच्या काड्यांतून तिच्या काड्यांत घास देऊ नका. दोन्ही गोष्टी तिकडे अंत्यविधीतल्या आहेत. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन वेगळ्या घासांच्या मध्ये खायच्या. हिरवा वसाबी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश आणि मोहरीचा असतो, नाकात जातो, आधी कणभरच घ्या.

फोन दुपारी तीन-चारच्या सुमारास करा. तेव्हा शेफ मोकळा असतो.