आगरात लटकलेला लांबपायी किडा: हँगिंगफ्लायचं जीनस कसं ओळखायचं?

पोफळबन
नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यातले. आगरात पाटाच्या कडेला पोफळींच्या सावलीत थोडी हळद लावलीय. परवा पावसाची झड जरा ओसरली तेव्हा हळदीच्या पानाला हा लटकलेला दिसला. पिवळट तपकिरी रंग, पाय नुसते लांबच लांब. पुढच्या पायांनी पानाची कड धरलेली आणि मागच्या एका पायात माशी अडकवलेली. आई म्हणाली, मोठा डास आहे, मार आधी. फोनवरच्या ॲपने नाव दिलं हायलोबिट्टाकस एपिकॅलिस. तीन फोटो टाकतेय. हा हँगिंगफ्लायच ना? आणि जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, कशावरून ठरवतात? घरात दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, मायक्रोस्कोप नाही.

सडेकर
क्रेनफ्लाय हो हा, मोठ्या डासासारखी ती लांबपायी माशी. पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर रोज असतात.

भिंगवाला
सडेकर, तुमच्या न्हाणीतला क्रेनफ्लाय असेलही, हा नव्हे. लटकतो म्हणून हँगिंगफ्लाय असं समजू नये, क्रेनफ्लायसुद्धा मजेत लटकतात. पंख मोजा. क्रेनफ्लायला पंख दोनच, आणि त्यांच्या मागे टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या. हँगिंगफ्लायला पंख चार, चारही जवळपास एका मापाचे, बुडाशी एकदम अरुंद. ताईंच्या दुसऱ्या फोटोत उजव्या बाजूला पंखांच्या दोन कडा वेगवेगळ्या दिसतायत, नीट बघा.

तरी शंका असेल तर पायाच्या टोकाशी जा. भिंग त्यासाठीच आहे. पावलाचे पाच सांधे असतात. क्रेनफ्लायच्या शेवटच्या सांध्यावर दोन नख्या असतात, ह्याच्या शेवटच्या सांध्यावर एकच, चांगली जाड. आणि तो पाचवा सांधा चौथ्यावर मिटतो, घडीच्या चाकूचं पातं मिटावं तसा. आतल्या बाजूला बारीक काटे असतात, त्यांत माशीचा पाय सापडला की संपलं. म्हणून तर हा पुढच्या पायांवर लटकून राहतो आणि मागचे पाय मोकळे सोडतो: जवळून काही उडालं की उचलायचं. मग लांब सोंडेसारखं तोंड खुपसून आतलं शोषून घ्यायचं. एवढं दिसलं की कुल ठरलं, बिट्टॅसिडी. गण मेकॉप्टेरा, म्हणजे विंचूमाशीचा. विंचूमाशा आपल्या सह्याद्रीतही आहेत, पण त्यांना दोन नख्या, आणि नराच्या शेपटीचं टोक फुगीर, वर वळलेलं. ह्यात गोंधळ व्हायचं कारण नाही.

आता ॲपचं. हायलोबिट्टाकस एपिकॅलिस राहतो उत्तर अमेरिकेत. त्याच्या पंखांची टोकं काळपट असतात आणि बसताना तो पंख बाजूंना पसरून लटकतो. ताईंच्या किड्याने पंख पाठीवर मिटलेत आणि टोकं स्वच्छ आहेत. ॲपला अमेरिकेतले फोटो जास्त भेटले असणार, त्याने तेच उगाळलं. तसंच हार्पोबिट्टाकस असं कोणी सुचवलं तर तो ऑस्ट्रेलियातला. ॲप्टेरोबिट्टाकसला तर पंखच नाहीत, तो कॅलिफोर्नियाचा. जीनस ठरवताना नकाशा उघडून बसायला लाजू नये, अर्धी नावं तिथेच गळतात.

उरतो बिट्टाकस, आणि तिथे खरी कटकट सुरू होते. हे जीनस फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेयने १८०५ साली केलं, आणि पुढची दीडदोनशे वर्षं जे दुसरीकडे बसलं नाही ते ह्यातच टाकलं गेलं. कुलातल्या निम्म्याहून जास्त जाती आजही त्यात आहेत. चीनच्या टॅन आणि हुआ यांनी २००९ मध्ये त्यातल्या काही जाती बाहेर काढल्या आणि आपल्या आशियाई पट्ट्यातल्या जातींसाठी बायकॉबिट्टाकस हे वेगळं जीनस केलं. म्हणून 'आशियातला आहे, म्हणजे बिट्टाकस' हे आता चालत नाही.

पंखात बघायचं ते असं. पुढच्या कडेला टोकाजवळ एक गडद डाग असतो, त्याच्या मागून आडव्या शिरा किती निघतात, एक की दोन. शिवाय बुडाकडची मागची शीर कडेला कुठे मिळते. ह्याला पंख उघडा लागतो, मिटलेल्या पंखाच्या फोटोवर शिरा मोजू नका, वरच्या पंखाच्या आणि खालच्या पंखाच्या शिरा एकमेकींत मिसळून भलताच आकडा येतो. मी तर रंगाकडे बघतच नाही. नुकता कोशातून निघालेला फिका असतो, दारूत ठेवलेला आणखी फिका.

पण खरा निकाल नराच्या पोटाच्या टोकावर लागतो. तिथे वरच्या बाजूला दोन पाळ्या असतात आणि त्यांच्याजवळ धाग्याइतकं बारीक, गुंडाळलेलं लिंग. पाळ्यांचा बाजूने दिसणारा आकार, त्यांच्या आतल्या कडेचे काळे काटे, ह्यावर वर्गीकरणवाले भांडतात. मादीचं टोक साधं निमुळतं, तिच्यावरून फार पुढे जाता येत नाही. पायात माशी आहे म्हणून लगेच नर समजू नका, टोकच बघा.

माशीवरून आठवलं. ॲपने सांगितलेल्या त्या अमेरिकन जातीवरच कीटकशास्त्रज्ञ रँडी थॉर्नहिलने १९७० च्या दशकात काम केलं. नर शिकार मादीला देतो. शिकार फुटकळ असेल तर मादी मिलन लवकर आटोपतं घेते, चांगली मोठी असेल तर वीसेक मिनिटं चालतं. काही नर तर मादीसारखे वागून दुसऱ्या नराची शिकार लंपास करतात. जीनसशी ह्याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पोफळबन
काका, खूप धन्यवाद. आज सकाळी पुन्हा गेले, हळदीखालच्या पातेऱ्याजवळ तीन-चार दिसले. भिंगातून एक नखी स्पष्ट दिसली, सांधा मिटतानाही दिसला! एकाच्या टोकाला तुम्ही म्हणता तशा दोन पाळ्या आहेत. पंख काही उघडत नाही. मग 'बिट्टाकस इंडिकस' लिहू का? नावातच इंडिया आहे.

सडेकर
पंखांचं मान्य, चार आहेत. न्हाणीतले आता मोजून येतो.

भिंगवाला
इंडिकस लिहू नका. ते नाव इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वॉकरने १८५३ साली दिलंय, आणि नेटवर भारतातला कुठलाही हँगिंगफ्लाय त्याच नावाखाली खपतो. तुमच्या नोंदीत 'बिट्टॅसिडी, नर, बहुधा बिट्टाकस' एवढं लिहा, खाली तारीख, गाव आणि हळदीचं पान. पाळ्यांचा फोटो वरून नको, बरोबर बाजूने हवा, मागे पांढरा कागद धरून. बायकॉबिट्टाकस आहे की नाही ते तिथे कळेल. एखादा मेलेला सापडला तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, आणि पाय चिमट्याने धरू नका, लगेच तुटतात. तुटलेच तर तेही त्याच बाटलीत टाका, नखी पुन्हा बघावी लागते. आणि तो पातेरा ह्या महिन्यात झाडू नका, अळ्या त्याच्याखालच्या ओल्या मातीत असतात.