रोजच्या आठ किलोमीटरला डिझेल? नको

कोल्हापुरात राजारामपुरी ते महाद्वार रोड, रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर, आणि 'मायलेज चांगलं' म्हणून तुम्ही डिझेल बघताय. भावा, हीच चूक मी करून बसलोय.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम) डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लायनीत काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंशांची उष्णता लागते, आणि गाडी सलग पळाल्याशिवाय ती येत नाही. दसरा चौकाच्या सिग्नलला, बिंदू चौकाच्या गर्दीत इंजिन नीट तापायच्या आत आपण चावी फिरवून उतरलेलो असतो.

माझ्या डॅशबोर्डावर फिल्टर भरत आल्याचा पिवळा दिवा सातव्या महिन्यात लागला. तेव्हापासून दर पंधरवड्याला कागलपर्यंत हायवेला गाडी पळवून आणतोय. काही काम नाही, नुसती काजळी जाळायला! (बायको म्हणते, निदान येताना भाजी तरी आणा.) शोरूममध्ये घेताना याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

हिशेबही बघा. वर्षाला तीन हजार किलोमीटर. पेट्रोलला पंधराचं मायलेज धरलं तर २०० लिटर, डिझेलला वीसचं धरलं तर १५०. भावातला फरक धरूनही वर्षाला सात-आठ हजार वाचणार, आणि गाडी घेताना लाखभर जादा मोजायचे.

दर आठवड्याला पुणे-बेळगाव असेल तर गोष्ट वेगळी.