शब्दचर्चा : पद, अवयव आणि 'काटणे'

प्रश्न : बैजिक राशींच्या बेरीज-वजाबाकीत मुलं 'क्षला क्ष गेला' म्हणत (क्ष − ४)/(क्ष − १) मधलेही क्ष काटतात. नेमकं काय काटता येतं, हे कोणत्या शब्दांत सांगावं? शिवाय या राशी 'परिमेय' म्हणायच्या की 'गुणोत्तरीय'?

— आठवीच्या पुस्तकात 'गुणोत्तरीय बैजिक राशी' आहे. 'परिमेय' संख्यांसाठी रुळलाय. 'परिमेय राशी' म्हटलं तरी कुणाचं अडत नाही. अडतं ते पद आणि अवयव यांत. अधिक-उण्याने जोडलेलं ते पद, गुणाकाराने जोडलेला तो अवयव. काटायचा तो सामाईक अवयवच. वरच्या राशीत क्ष = ५ ठेवा : किंमत १/४ येते. क्ष काटून बघा, ४ उरतात!

— 'अवयव'ऐवजी 'गुणक' मात्र नको, सहगुणकाशी घोळ होतो. आणि 'छेदांचा लसावि काढा' याआधी 'छेदांचे अवयव पाडा' हे सांगायलाच हवं. उदाहरणार्थ,

क्ष/(क्ष² − ५क्ष + ६) − ६/(क्ष² − ४क्ष + ३)

छेद (क्ष − २)(क्ष − ३) आणि (क्ष − १)(क्ष − ३). लसावि (क्ष − १)(क्ष − २)(क्ष − ३). सामाईक अवयव एकदाच. समच्छेद केल्यावर अंश :

क्ष(क्ष − १) − ६(क्ष − २) = क्ष² − ७क्ष + १२ = (क्ष − ३)(क्ष − ४)

(क्ष − ३) काटून उत्तर (क्ष − ४)/[(क्ष − १)(क्ष − २)]. अवयव न पाडता छेदांचा नुसता गुणाकार केला, तर अंशात क्ष³ − १०क्ष² + ३३क्ष − ३६ येतं. चूक नाही, पण त्याचे अवयव पाडता पाडता मुलं रडकुंडीला येतात.

— सर्वांत जास्त गुण जातात ते कंसापुढच्या उणे चिन्हापायी. −६(क्ष − २) म्हणजे −६क्ष + १२. तिथे −१२ लिहिलं की अंश क्ष² − ७क्ष − १२ होतो आणि त्याचे पूर्णांकी अवयव पडतच नाहीत. दुसरा अंश आधी कंसात लिहायचा, मगच सोडवायचा. एका छेदात (३ − क्ष) असेल तर −(क्ष − ३) करून घ्या, नाहीतर लसाविमध्ये एकच अवयव दोनदा शिरतो.

— पडताळा क्ष = ० ठेवून घ्यावा : मूळ राशी −६/३ = −२, उत्तर −४/२ = −२. क्ष = ३ मात्र चालणार नाही. (क्ष − ३) काटला तरी मूळ छेद तिथे शून्यच होतो, म्हणून उत्तरापुढे 'क्ष ≠ १, २, ३' असं तिन्ही किमतींसह लिहावं.