बर्फात अडकल्यावर पडलेला प्रश्न : जुने लख्ख आठवते, मग अलीकडचे का नाही?

सरोवरकाठ

नमस्कार. मी अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या उपनगरात राहते आणि मला पंचाहत्तरावे वर्ष चालू आहे. कालपासून ईरी सरोवरावरून येणाऱ्या बर्फाने पुढचे दार उघडेनासे झाले आहे, रस्त्यावर वाहने आणण्यास बंदी आहे, आणि मुलगा कॅलिफोर्नियात असल्यामुळे घरात मी एकटीच आहे. वाणसामान भरपूर आहे, वीज आणि हीटिंग चालू आहे, तेव्हा त्याची काळजी कुणी करू नये. मला विचारायचे आहे ते वेगळेच.

लग्नानंतर दीड महिन्याने, १९७६ च्या ऑक्टोबरात, आम्ही पुण्याहून इथे आलो आणि २८ जानेवारी १९७७ रोजी, शुक्रवारी, इथले ते प्रसिद्ध हिमवादळ सुरू झाले. त्या वर्षी सरोवर डिसेंबरातच गोठले होते आणि त्यावर साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला, हे मला पुढे कळले. त्या वेळी मला दिसले ते एवढेच की, आमच्या भाड्याच्या घराच्या खिडकीच्या फटीतून पिठीसाखरेसारखी एक रेघ आत येऊन चौकटीवर साचत होती. ह्यांनी माझ्या निळ्या सुती साडीची पट्टी फाडून, सुरीच्या टोकाने ती फट बुजवली. चार दिवस आम्ही पिठले-भात खाल्ला, आणि बेसन संपत आले तेव्हा डब्याच्या तळाशी चमचा खरवडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

आता दुसरे वादळ. २०२२ चा नाताळ, २३ ते २६ डिसेंबर. त्या वेळी सरोवर गोठलेले नव्हते, उघड्या पाण्यावरून आलेल्या थंड वाऱ्याने विमानतळावर चार फुटांहून अधिक बर्फ टाकला, आणि आमच्या काउंटीत चाळीसहून अधिक माणसे गेली. ह्यांना तेव्हा घरीच ऑक्सिजन लागत असे. पुढच्या मार्चमध्ये हे गेले. म्हणजे आम्ही दोघांनी एकत्र काढलेले ते शेवटचे वादळ, आणि त्या चार दिवसांतले मला जवळजवळ काहीच आठवत नाही. काय जेवलो, हे काय बोलले, एकदा तरी हसलो का, काही नाही. डोळ्यांपुढे येतो तो फक्त ऑक्सिजनच्या यंत्रावरचा हिरवा दिवा. एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा बेसनाचा डबा आठवावा आणि नवऱ्याबरोबरचे शेवटचे चार दिवस आठवू नयेत, हे मला सहन होत नाही.

त्यात आज सकाळी आणखी एक गोष्ट घडली. घावन उलटण्यासाठी हातात घेतलेल्या वस्तूचे मराठी नाव मला आठवेना. इंग्रजी नाव लगेच आले. ‘उलथणे’ हा शब्द आला तो दुपारी तीन वाजता, तोही पुस्तक वाचताना, आपोआप. मी फार घाबरले आहे. हे वयाप्रमाणे होणारे विसरणे आहे की काही निराळे, हे कसे ओळखावे?

नारायणपेठ

ताई, आपण पुण्याच्या, म्हणजे १२ जुलै १९६१ आपल्याही घराने पाहिलेला असणार. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले, आणि आमच्या वाड्यात पाणी शिरले. त्या दिवसाचे माझ्याजवळ एक चित्र आहे: वडिलांनी मला खांद्यावर घेतले आहे, पाणी त्यांच्या छातीपर्यंत आहे, आणि मी त्यांचे ओले केस दोन्ही मुठींत धरले आहेत. हे मी मुलांना सांगितले, नातवंडांना सांगितले, कार्यालयात सांगितले.

पाच-सहा वर्षांपूर्वी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हे सांगत असताना तिने मला थांबवले. ती म्हणाली, अण्णा त्या दिवशी मिरजेला होते, दोन दिवसांनी परतले, आणि तुला उचलले ते समोरच्या खोलीतल्या कंपाउंडरांनी. मी तिच्याशी भांडलो. नंतर आईने जपून ठेवलेली जुनी पत्रे निघाली आणि त्यांत अण्णांचे मिरजेहून लिहिलेले कार्ड सापडले, तारीख १३ जुलै. मुठीतले ओले केस मला अजूनही तसेच जाणवतात, ताई, पण ते कुणाचे होते हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही.

हे सांगण्याचे कारण असे की लख्ख आठवण ही खरी आठवण असतेच असे नाही. ज्या गोष्टी आपण पुन्हा पुन्हा सांगतो त्या प्रत्येक वेळी थोड्या पुसल्या जातात आणि थोड्या नव्याने रंगवल्या जातात, आणि म्हणूनच त्यांचा रंग ताजा राहतो. आपला बेसनाचा डबा आपण दोघांनी मिळून किती जणांना सांगितला असेल? प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक नव्या पाहुण्याला. २०२२ चे वादळ आपण कुणाला सांगितले आहे? मला वाटते, ते सांगायला बसण्याआधीच सांगण्यातला जोडीदार गेला.

निवृत्तडॉक्टर

मी वृद्धांच्या आजारांवर काम केले आहे. इथे लिहिणे म्हणजे तपासणी नव्हे, तरीही काही गोष्टी स्पष्ट करतो.

वयस्कर माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी इतर काळापेक्षा ठळकपणे जास्त निघतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. नवा देश, नवा संसार, पहिला बर्फ, हे सारे आपल्या पंचविशीत एकत्र आले, आणि प्रथमच घडणाऱ्या गोष्टी मेंदू वेगळ्या काढून ठेवतो. २०२२ मध्ये उलट स्थिती होती. बर्फ ओळखीचा, घर तेच, चारही दिवस एकसारखे, आणि आपले सारे लक्ष एका यंत्राच्या दिव्यावर, कारण वीज गेली असती तर काय झाले असते हे आपल्याला माहीत होते. त्या रात्री आपण झोपला असाल असे मला वाटत नाही. दिवसभरात अनुभवलेले पक्के होण्यासाठी झोप लागते, आणि भीतीमध्ये लक्ष ज्यावर खिळते ते आठवते, आजूबाजूचे नोंदलेच जात नाही. जे साठलेच नाही त्याला हरवले म्हणता येत नाही. आपण त्या दिव्याकडे पाहत होता, म्हणजे त्यांच्याकडेच पाहत होता, असे मी आपल्या जागी असतो तर धरून चाललो असतो.

‘उलथणे’ उशिरा का होईना, आपोआप आले, हे चांगले लक्षण आहे. शब्द जिभेच्या टोकाशी येऊन अडणे वयाबरोबर वाढते; विशेषनामे आणि क्वचित वापरले जाणारे शब्द आधी अडतात, आणि दोन भाषांत जगणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो. उलथणे कशासाठी असते हेच न कळणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारणे आणि आपण तो विचारला होता हे आठवूच न शकणे, बँकेचे नेहमीचे व्यवहार जमेनासे होणे, असे काही असेल किंवा घरचे लोक ते बोलून दाखवत असतील, तर मात्र थांबू नका. तसे नसले तरी रस्ते मोकळे झाल्यावर आपल्या डॉक्टरांकडून बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. कानांची तपासणी करा, झोपेसाठी किंवा सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या घेत असाल तर त्या दाखवा, कारण त्यांतल्या काही या वयात स्मरणाला बाधा आणतात. दुःखाबद्दलही त्यांच्याशी बोला. मन खचलेले असले की स्मरण मंदावते, आणि त्यावर उपचार आहेत.

आणि कृपा करून फावड्याने स्वतः बर्फ उपसू नका. थंडीत ते श्रम हृदयाला फार जड जातात.

टोरांटोकर

काकू, माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता, म्हणून आपली भीती मला समजते. तिची इंग्रजी आधी गेली. चाळीस वर्षे इथे नोकरी केलेली बाई शेवटच्या दोन वर्षांत फक्त मराठी बोलत असे, तीही तिच्या माहेरची, चिपळूणची. शुश्रूषागृहातल्या परिचारिकांसाठी मी रोमन लिपीत एक कागद लिहून तिच्या पलंगाशी चिकटवला होता: पाणी, पुरे, नको, दुखतंय, थंडी वाजते, आई कुठे आहे. शेवटचा प्रश्न ती संध्याकाळी विचारत असे, आणि त्यातल्या एका फिलिपिनो परिचारिकेने ‘येतेच आहे’ हे उत्तर माझ्याकडून पाठ करून घेतले होते.

डॉक्टरांनी जे सांगितले त्यात मी एवढेच जोडीन की आपला शब्द अडला तो कदाचित आजाराने नसून एकटेपणाने असेल. काका गेल्यापासून आपल्या स्वयंपाकघरात ‘उलथणे दे’ असे कुणी कुणाला म्हटले आहे का? आपल्याला आणि मुलाला चालणार असेल, तर रोज त्याच्याशी अर्धा तास मराठीत बोला, आणि त्या चार दिवसांतले जे येईल ते, कितीही फुटकळ असो, कागदावर उतरवून ठेवा.

सरोवरकाठ

आपल्या तिघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांचे वाक्य मी काल रात्री अनेकदा वाचले. झोपेसाठी मी दुकानातली गोळी घेते, ती दाखवीन. फावडे गॅरेजमध्येच आहे.

काल मुलाला फोन करून मी त्या वादळाबद्दल पहिल्यांदाच बोलायला लागले. सांगण्यासारखे काही नव्हते, म्हणून हिरव्या दिव्यापासून सुरुवात केली. तो म्हणाला, “आई, बाबा मला तेव्हा फोनवर रोज बर्फाची उंची सांगायचे, काचेच्या दाराशी मोजून.” मला यातले काही आठवले नाही. फोन ठेवून मी मागच्या अंगणाच्या काचेच्या दाराशी गेले, कडेचा पडदा सरकवला आणि बॅटरी तिरपी धरली. काचेच्या आतल्या बाजूला, कडेने, चिकटपट्टीच्या डिंकाच्या तीन आडव्या खुणा आहेत. खालची दोन बोटे रुंद, मधली तिरकी, वरची माझ्या कमरेच्या थोडी वर. पट्ट्या केव्हाच निघाल्या असाव्यात, डिंकावर धूळ बसून त्या करड्या झाल्या आहेत. यंत्राची नळी पन्नास फुटांची होती आणि बैठकीच्या खोलीतून बरोबर तिथपर्यंत पोचत असे.

हे तिथे वाकले असतील तेव्हा मी कुठे होते, हे मला अजूनही आठवत नाही. आजचा बर्फ मधल्या खुणेच्या चार बोटे खाली आहे. दर पंधरा दिवसांनी काचा पुसायला एक मुलगी येते, तिला ती बाजू सोडून द्यायला सांगणारी चिठ्ठी मी दारावर लावून ठेवली आहे.